एका हंगामापुरती दुर्बीण

माझ्या बाबांनी रानमेंढ्याच्या शिकारीच्या परवान्यासाठी सत्तावीस वर्षं अर्ज केला. दर उन्हाळ्यात सोडतीत नंबर न लागल्याचं पत्र यायचं आणि बाबा त्याच्या पाठीवर किराण्याची यादी लिहायचे. अठ्ठाविसाव्या वर्षी परवाना आला. त्याच महिन्यात ग्रेट फॉल्सच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं, की डावा डोळाही फार तर पुढच्या वसंतापर्यंत. उजवा तीन वर्षांपूर्वीच गेला होता. देवाला थट्टा करायचीच असेल तर त्यानं माणूस बघून करावी, असं मला तेव्हा वाटलं होतं, आणि अजूनही वाटतं.

डाव्या डोळ्यात बरोबर मधोमध धुरकट डाग होता. कडेकडेनं बरं दिसायचं. म्हणजे माझं तोंड पाहायचं तर बाबा माझ्या कानाकडे बघायचे. रायफल ते डाव्या खांद्यावर घ्यायला शिकले होते, तेही सत्तरीत. पण लांबचा नेम कसा धरायचा? गोळी लांब जाईल तशी खाली पडते. पूर्वी ते रायफलीवरच्या दुर्बिणीतली फुली जनावराच्या पाठीच्या वर वीतभर ठेवायचे आणि चाप ओढायचे. ती वीत त्यांच्या डोक्यातच असायची. आता वीतभर जागेवर डाग येऊन बसायचा. दुर्बिणीची चकती फिरवून नेम वर घ्यावा, तर चकतीवरचे आकडे दिसत नव्हते. उपाय एकच राहिला होता. फुलीखालच्या दांड्यावर आडव्या खुणा असलेली दुर्बीण. फुली दोनशे वारांची, पहिली खूण तीनशेची, दुसरी चारशेची. मी शेजारून अंतर सांगायचं, त्यांनी ती खूण मेंढ्याच्या खांद्यावर ठेवायची. चकती नको, अंदाज नको.

ती घ्यायला आम्ही वेंडेलच्या दुकानात गेलो. वेंडेल बाबांचा शाळेतला मित्र. त्याच्याकडे खिळ्यापासून रायफलपर्यंत सगळं मिळायचं आणि सल्ला न मागता मिळायचा.

“हॅल्वर, आंधळा मागतो एक डोळा, तसं आहे तुझं,” तो म्हणाला आणि त्यानं कपाटातून अठराशे डॉलरची दुर्बीण काढली. “ही बघ. हिच्यातून चंद्रावरचे दगड मोजशील.”

बाबांनी ती दारातून समोरच्या धान्याच्या कोठारावर रोखली. 

“फुली कुठाय?”

“अरे, मधोमध! कोळ्याच्या जाळ्यासारखी नाजूक आहे, एकेका वाराचा हिशोब...”

“कोळ्याचं जाळं दिसत असतं तर तुझ्याकडे कशाला आलो असतो, मेल्या?”

“शिवाय माझ्या रायफलीला ती म्हणजे नाकापेक्षा मोती जड,” असंही वर म्हणाले. हसले. मला हसू आलं नाही, कारण त्यांचा हात कापत होता.

मग वेंडेलनं नव्वद डॉलरची दाखवली. तिच्या खुणा जाड होत्या, पण आतलं चित्र भांडी धुतलेल्या पाण्यासारखं. शेवटी तीनशे दहावाली निघाली. चार ते बारा पट मोठं दाखवणारी, काळ्या जाड रेघा, काच बऱ्यापैकी स्वच्छ. बाबांनी कोठारावर धरली आणि लगेच म्हणाले, “दिसतंय. खालच्या दोन्ही खुणा दिसतायत, सिग्ने.” तो आवाज मी पुष्कळ दिवसांत ऐकला नव्हता.

“अजून शंभर टाकलेस तर हिच्याहून—” वेंडेल म्हणाला.

“एका हंगामाचा डोळा आहे. त्याला सोन्याची चौकट कशाला?”

घरी येऊन मी पुस्तिका वाचली. मी शाळेची बस चालवते. कागदावर लिहिलेलं मी पाळते. त्यात जाड अक्षरात होतं, की या खुणा फक्त बारा पटीवर खऱ्या. पट बदलायचं दुर्बिणीवरचं कडं फिरवून चित्र लहान केलं, तरी खुणा तेवढ्याच राहतात, म्हणजे त्यांचा हिशोब चुकतो. सहा पटीवर चारशेच्या खुणेनं नेम धरला तर गोळी हातभर वरून जाणार.

मी हे बाबांना वाचून दाखवलं. “बरं,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी माळावर चारशे वारांवरच्या पांढऱ्या दगडाला पहिली गोळी बरोबर लागली. दुसरी हातभर वरून गेली, तिसरीही.

“कडं किती वर आहे?” मी विचारलं.

“सहावर. उजेड जास्त येतो.”

“बाबा! काल वाचून दाखवलं ना?”

“राहिलं.”

“डोंगरात राहिलं म्हणजे?”

“डोंगरात मी कडं कमीवरच ठेवणार. चालताना कमीवर, लांबचं दिसलं तर वाढवायचं. माझ्या बापानं मला शिकवलंय आणि त्याच्या बापानं त्याला. तू बस चालव.”

मी चिडले. पण भीती खरी होती. मेंढा क्षणभर उभा राहणार, बाबांना आकडे दिसत नाहीत, बोटं जुन्या सवयीची. सत्तावीस वर्षं एका विसरलेल्या कड्यापायी जाणार!

ऑक्टोबरात दोनदा वर गेलो. दोन्ही वेळा मेंढे इतके उंचावर होते, की बाबांच्या गुडघ्यांनीच नकार दिला. एकदा परतताना बाबा वाटेत बसले आणि म्हणाले, “आता शेवटच्या आठवड्यात. माजावर येतात तेव्हा खाली उतरतात.” तोपर्यंत डाग वाढला. आता माझं तोंड पाहायला ते माझ्या खांद्यापलीकडे बघत. रात्री स्वयंपाकघरात ते दुर्बीण काढून घड्याळावर धरत, खुणा अजून दिसतात का ते बघायला. दिसल्या की शीळ घालत. ती शीळ ऐकली की मला उशीत तोंड खुपसून रडावंसं वाटायचं.

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी आम्ही ओढ्याकाठी तंबू ठोकला. आत पत्र्याची शेगडी. हंगाम रविवारी सूर्यास्ताला संपणार होता. शनिवारी पहाटे बाबा कॉफी करत असताना मी तंबूमागे गेले, रायफल घेतली, कडं बारावर नेलं आणि वायरीला गुंडाळतात ती काळी पट्टी त्यावर तीन वेढे घट्ट गुंडाळली. त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भांडण झालं असतं. शिवाय त्यांच्या हातात जाड मोजे होते, त्यांना कळलंही नसतं. मला वाटलं, मी फार शहाणपणा केला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ते उगाच म्हणत नाहीत.

घळीच्या काठावर आम्ही पालथे पडलो. पलीकडच्या उतारावर मेंढ्या चरत होत्या. मी अंतर मोजायच्या यंत्रातून पाहिलं, साडेतीनशे वार. नर आला तर तिथेच येणार.

“तीनशेच्या खुणेच्या जरा खाली,” मी कानात सांगितलं.

“ठाऊक आहे,” बाबा म्हणाले. दोन तास आम्ही हललो नाही.

आणि तो आला. पलीकडून नाही, आमच्याच काठावरून, वाऱ्याकडून, आमचा वास न लागता. डावीकडच्या खडकामागून निघाला आणि उघड्यावर उभा राहिला. शिंगांचा पुरा वेढा, टोकं झिजलेली, मानेवर जुनी जखम. तीस पावलं. मला त्याच्या नाकातली वाफ दिसत होती. जन्मात मी इतका मोठा मेंढा इतक्या जवळ पाहिला नव्हता.

मी बाबांचा दंड दाबून त्या बाजूला वळवला. “आला,” एवढंच म्हटलं. तेही ओठांतल्या ओठांत.

दुर्बिणीवरून डोळा न काढता, माझ्या हाताच्या दाबावर बाबांनी रायफल सावकाश त्याच्यावर आणली. अगदी बरोबर आणली. नळीची रेघ मला दिसत होती. चाप ओढला असता तर काम झालं होतं. पण न दिसता चाप ओढणारा माणूस नव्हता तो.

“कोणती खूण?” ते पुटपुटले.

 तीस पावलांवर बोललं तर तो जाईल, या भीतीनं जीभच उचलेना.

“सिग्ने. नुसतं तपकिरी दिसतंय गं. सगळं तपकिरी.”

तेव्हा माझी नजर काळ्या पट्टीवर गेली. बारा पटीवर, तीस पावलांवर, गरुडाच्या डोळ्यालाही केसांच्या धुरकट भिंतीशिवाय काही दिसलं नसतं. मी हात पुढे केला, पट्टी ओढायला. मेंढ्यानं मान वळवली, माझ्या केशरी जॅकेटकडे पाहिलं, आणि दोन उड्यांत खडकांत नाहीसा झाला. खाली दगड घरंगळले.

“गेला?” बाबांनी विचारलं.

“गेला.”

“पलीकडच्या उतारावर होता?”

मी “हं” केलं. आयुष्यात मी बरंच खोटं बोलले आहे, पण त्या “हं”एवढं हलकट काही नाही.

बाबा उठून बसले. रायफल उघडून त्यांनी एकेक गोळी काढली, खिशात टाकली आणि रायफल माझ्या मांडीवर ठेवली. “डोळा गेला, पोरी. पहाटे कपातली कॉफी दिसत होती. आत्ता इथेच गेला.”

“बाबा, थकवा असेल—”

“दुर्बीण चांगली आहे. वेंडेलला काही बोलू नको. दुर्बिणीत दोष नाही.”

ओढ्यापर्यंत तासभर उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. यापूर्वी कधी ठेवला नव्हता. वाटेत दहा वेळा मी तोंड उघडलं. सांगितलं तर शिव्या मिळतील, मिळू देत. पण अजून आजची दुपार आहे, उद्याचा पूर्ण दिवस आहे, मेंढा लांब गेलेला नाही. सगळं कळत होतं. तरी तंबूत पोचू दे, कॉफी होऊ दे, मग सांगते, असं स्वतःला सांगत राहिले.

तंबूत बाबांनी शेगडी फुंकली. मी बादली घेऊन ओढ्यावर गेले. बर्फ फोडताना वाक्य जुळवत होते. “बाबा, चूक माझी आहे.” एवढंच म्हणायचं, पुढचं आपोआप येईल. बादली भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. दहा मिनिटं गेली असतील.

परत आले तेव्हा शेगडीचं दार उघडं होतं आणि बाबा आत बघत होते. त्यांचं पाकीट मांडीवर उघडं पडलं होतं.

“काय जाळलंत?”

“परवाना.”

“बाबा!”

“ज्याला दिसत नाही त्याच्या खिशात तो नको. उद्या सकाळी मन बदललं असतं. हावेनं चाप ओढला असता आणि माझ्या हातून एखादं माणूस मेलं असतं. मी ओळखतो मला.”

बादली मी कशीबशी खाली ठेवली. तेव्हा तसे परवाने टपालानंच यायचे, खिशात तो नसताना रायफल रोखणं गुन्हा होता, आणि दुसरा मिळायचा तर कचेरी सोमवारी, म्हणजे हंगाम संपल्यावर, उघडणार होती. मला वाटलं, आता न सांगितलेलंच बरं. आणि लगेच वाटलं, आता न सांगितलं तर मी माणसातून उठले.

“तुमचा डोळा गेलेला नाही,” मी म्हणाले. “मी पहाटे कडं बारावर नेऊन पट्टी बांधली. तुम्हाला न सांगता. तुम्ही ते कमी करून ठेवता म्हणून.”

त्यांना लगेच उमगलं नाही. “बारावर तर साडेतीनशे वार नीट दिसायला हवं.”

“साडेतीनशेवर नव्हता. आपल्याच काठावर होता.”

“किती?”

“तीस पावलं.”

बाबा माझ्या खांद्यापलीकडे, म्हणजे माझ्याकडे, बघत राहिले. मला वाटलं, मारतील. मारावं, असंही वाटलं. पण ते शेगडीकडे वळले आणि त्यांनी उघडा हात सरळ निखाऱ्यांत घातला. आत चाचपू लागले. मी ओरडले, मनगट धरून ओढलं. त्यांनी मला ढकललं आणि पुन्हा हात घातला. “सापडेल,” म्हणत होते, “एखादा तुकडा असेल, नंबर असेल त्याच्यावर, थांब ना जरा.” शेवटी दोन्ही हातांनी त्यांना मागे खेचलं आणि त्यांचा हात बर्फाच्या पाण्यात बुडवला. पाणी काळं झालं.

आम्ही तसेच बसलो, मी त्यांचा हात पाण्याखाली दाबून. ते मुलासारखे हुंदके देत होते आणि मीही. बऱ्याच वेळानं ते शांत झाले.

“सिग्ने.”

“काय बाबा?”

“ते तपकिरी जरा वरखाली होत होतं. मला वाटलं, माझा हात कापतोय.”

“हात कापत नव्हता, बाबा,” मी म्हणाले. “तो श्वास घेत होता.”