बाहीतलं शेवटून दुसरं प्रकरण

सुलट ओळ

लिफ्टवाला वाचायचा आणि बायको विणायची. त्यांची संध्याकाळ म्हणजे एवढीच.

आयुष्यभर त्याने एका कचेरीची लिफ्ट चालवली. वाचायची खोड तिथल्या स्टुलावरच लागली. मजला आला की वाक्य अर्ध्यात सोडायचं, दार उघडायचं, दार लावायचं, मग उरलेलं वाक्य. घरी मजले नव्हते. घरी तो सलग वाचायचा, मोठ्याने, आणि समोर तिच्या सुया चालायच्या.

गोष्टीत खून जवळ आला की तिचा हात आवळायचा, टाके घट्ट व्हायचे. लेखक डोंगरदऱ्यांच्या वर्णनात शिरला की हात सैल, टाके ढगळ. त्यामुळे लिफ्टवाल्याचा एकही स्वेटर धड नव्हता. छातीवर खून, पोटावर डोंगर.

"जरा एकसारखं विणत जा की."

"आधी तुम्ही एकसारखं वाचत जा. ऐन मोक्याला आवाज कशाला बारीक करता? जीव टांगणीला लागतो माझा."

उलट ओळ

ती गेली तेव्हा राखाडी स्वेटरची दुसरी बाही सुईवर होती आणि वाचनालयाच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण उरलं होतं.

शेवटून दुसरं दोघांनी मिळून संपवलं होतं. तळघरात कुणीतरी दिवा फुंकतं, तिथे ते थांबलं होतं. बाहीच्या टोकाला त्या संध्याकाळच्या ओळी होत्या, आवळलेल्या, टणक. नुसतं बोट फिरवलं तरी लागायच्या. तो रोज फिरवायचा. तिने त्याचं वाचणं ऐकलं होतं, त्याचा एवढाच पुरावा उरला होता.

शेवटचं प्रकरण त्याने वाचलं नाही. कुणाला वाचून दाखवणार? मुदत संपली की तो जायचा आणि तेच पुस्तक पुन्हा नावावर घालून आणायचा.

"काका, पाठ करताय का?" ग्रंथपालबाईंनी एकदा विचारलंच.

"परीक्षा आहे," तो म्हणाला. त्या हसल्या. तोही हसला. त्या दिवसातलं त्याचं बोलणं तेवढंच.

सुटलेला टाका

वाचनालयाच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी मंगळवारी काही बायका विणायला बसत. त्यांच्यात जी सगळ्यांच्या चुका काढायची, तिला बाकीच्या पाठीमागे हेडमास्तरीण म्हणत. एका मंगळवारी लिफ्टवाला पिशवी घेऊन तिच्यासमोर उभा राहिला.

"एवढी बाही पुरी करायला शिकवाल?"

"पुरुष माणूस विणणार? बसा बसा. बघू तरी."

तिने बाही हातात घेतली. "आलोच," म्हणून तो पुस्तकाची मुदत वाढवायला खिडकीशी गेला. पुढे रांग होती. टेबलाशी मागे काय राहिलंय, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी कसं?

उसवण

"हे घ्या," हेडमास्तरीण खुशीत म्हणाली. "टोकाला फार आवळलं होतं हो. तेवढं उसवलं आणि पुन्हा विणून दिलं. आता बघा कसं सारखं आलंय."

त्याने बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. बोट कुठेच अडलं नाही.

"छान झालंय ना?"

"छान आहे." मग बोट तिथेच ठेवून, "तिथे तिला भीती वाटली होती."

"कुणाला?"

त्याने सांगितलं. तळघर, दिवा, सगळं. बाकीच्या बायकांच्या सुया एकेक करून थांबल्या.

"अहो, आधी बोलायचं नाही का!" हेडमास्तरणीचा आवाज चिरकला. "मला काय माहीत... आता कसं आणू ते?"

"येणार नाही. तुमच्या ओळी तेवढ्या काढून द्या."

तिने आपल्या ओळी उसवल्या, टाके सुईवर चढवले. मोकळा झालेला धागा जुन्या टाक्यांच्या वळ्या तशाच धरून टेबलावर पडला. "वाफ द्या, म्हणजे सरळ होईल," ती हळूच म्हणाली.

"नको. राहू दे तसाच."

तिने त्याला सुलट आणि उलट टाका शिकवला, सुई धरायला शिकवली. एकही चूक काढली नाही.

पुन्हा सुलट

घरी त्याने पुस्तक टेबलावर उघडलं आणि ते मिटू नये म्हणून वर चष्म्याचं घर ठेवलं. समोरची खुर्ची त्याने हलवली नाही.

पुस्तक आणि सुया एकदम जमेनात. मग त्याने एक वाक्य मोठ्याने वाचलं, थांबला, एक टाका घातला. पुढचं वाक्य, पुढचा टाका. मजला, दार, मजला. दिवा कुणी फुंकला ते कळलं तेव्हा सवयीने त्याचा आवाज बारीक झाला आणि त्याने समोर पाहिलं.

मग टाका घातला.

प्रकरण संपल्यावर त्याने बाहीवरून बोट फिरवलं. शिकाऊ हात, सगळीकडे सारखाच आवळलेला. डोंगर नाही, दऱ्या नाहीत, प्रत्येक ओळीत खूनच.

"एकसारखं विणलंय बघ," तो म्हणाला.