खालची मूठ

मारोतरावांनी आरा खुंट्यांवरून उतरवला, त्याचं एक टोक फरशीला टेकवलं आणि दुसऱ्या टोकावर सगळा भार देऊन तो वाकवला. पात्याची कमान झाली. त्यांनी हात काढताच पातं झणकन सरळ झालं आणि बराच वेळ गुणगुणत राहिलं.

"पाह्यलं? जरा तरी बाक राह्यला का?" ते म्हणाले. "विलायती पोलाद हाये. तुहा नातू ओढन यानं."

प्रेमसिंगनं मान डोलावली, पण त्याची नजर शेजारच्या आखूड आऱ्याकडे गेली. त्याची बायको रूपाबाई दुकानाच्या दाराशी, खिळ्यांच्या पोत्याला टेकून उभी होती. नवऱ्याची नजर कुठं गेली ते तिनं पाहिलं आणि हातातली पिशवी पोटाशी घट्ट धरली.

दुकानात दोनच आरे होते. एक पाच हाती आणि एक चार हाती. आरा दोघांनी ओढायचा असतो. वरचा माणूस खड्ड्यावर आडव्या टाकलेल्या लाकडावर उभा राहून रेघ सांभाळतो आणि खालचा खड्ड्यात उभा राहून ओढतो. आऱ्याचं माप धरतात ते या खालच्या माणसाचं. त्याचे हात डोक्यावरून निघून गुडघ्यापर्यंत जेवढे येतील, तेवढा आरा त्याला झेपतो. पाच हाती आरा घेतला तर खाली चांगला उंच गडी हवा. चार हाती घेतला तर रूपाबाई होतीच.

तिचा दीर सोमला अकोल्याच्या गिरणीत कामाला गेला त्याला आता तिसरी होळी येत होती. तेव्हा ठेकेदाराचं सागवान अर्धं कापून पडलेलं होतं. "चार दिवस धर," प्रेमसिंग म्हणाला होता, "दुसरा गडी भेटेपर्यंत." ओढणी तोंडाला बांधून ती खड्ड्यात उतरली, आणि ते चार दिवस काही संपले नाहीत. डोक्यावर लाकूड, लाकडाच्या दोन्ही अंगांना आभाळाची एकेक पट्टी, आणि लाकडाच्या कडेबाहेर आलेल्या नवऱ्याच्या टाचा. दिवसभर तिला त्याचं एवढंच दर्शन. वरून तो "धर" म्हणायचा, ती ओढायची, आणि भुसा डोळ्यांत यायचा. तांड्यातल्या बायका विहिरीवर तिला विचारायच्या, "काय वं रूपा, आज वर आली का?" ती त्यांच्याबरोबर हसायची. घरी येऊन डोळे धुताना मात्र तिला हसू येत नसे.

प्रेमसिंग वाईट नव्हता, हीच मोठी अडचण होती. वाईट नवऱ्याशी भांडता तरी येतं. हा तिच्यासाठी बाजारातून गूळ आणायचा, तिच्या मानेला तेल चोळून द्यायचा, आणि सकाळी पुन्हा खड्ड्याशी जाऊन तिची वाट बघायचा.

मग मागच्या पंधरवड्यात शाळेच्या छपरासाठी कडुनिंब कापताना आतल्या जुन्या खिळ्यावर आरा अडकला आणि मधोमध मोडला. प्रेमसिंग डोकं धरून बसला. रूपाबाई खड्ड्यात उभी होती. तिला इतका आनंद झाला की तो लपवायला तिनं मोठ्यानं हाय हाय केलं. त्याच रात्री तिनं त्याच्याकडून वदवून घेतलं, की आता घ्यायचा तो मोठाच आरा, आणि खाली किन्हीराजा गावचा गोविंदसिंग. गोविंदसिंग चांगला दणकट गडी होता आणि काम शोधतच होता. त्याला निरोपही गेला, की परतीच्या मोटरीला थांब्यावर ये, पुढं शेलूबाजारपर्यंत संगत जाऊ.

आरा कुठून घ्यावा यावर तांड्यात चार दिवस काथ्याकूट झाला. अकोल्यात स्वस्त मिळतो म्हणणारे होते, शेलूबाजारचा लोहार करून देईल म्हणणारे होते. पण वाशीमच्या मारोतरावांच्या मागच्या अंगणात बाभळीचं खोड उंच लाकडी घोड्यांवर कायम मांडून ठेवलेलं असे. लावून पाहा आणि मग न्या, असा त्यांचा खाक्या. मोडलेल्या आऱ्यानं पोळलेल्या प्रेमसिंगला तो पटला. रूपाबाई सोबत आली ती खालची मूठ सांभाळायच्या निमित्तानं. आऱ्याची वरची मूठ पक्की असते, खालची पाचर ठोकून बसवतात आणि हवी तेव्हा काढतात. जुन्या आऱ्यातली तेवढीच शाबूत राहिली होती. खैराची ती मूठ पिशवीत भाकरीखाली होती.

"खाली कोण ओढते?" मारोतरावांनी विचारलं.

"भाऊ," प्रेमसिंग म्हणाला. त्यानं रूपाबाईकडे पाहिलं नाही.

"कुठी हाये तो?"

"नाही आला."

"मंग कोणाच्या भरोशावर आरा घेऊन राह्यला? नंतर बदलून भेटनार नाही, सांगून ठेवतो. रामधन, ये रे इकडं. याच्यासंग ओढून दाखव."

रामधन त्यांचा हमाल होता. दोन मणाचं पोतं एकटा उचलणारा, पण आऱ्याला त्यानं कधी हात लावला नसावा. अंगणात प्रेमसिंग खोडावर चढला, मारोतरावांनी गेरूची रेघ मारून दिली आणि रामधननं मुठीची वाट न पाहता पात्याचं टोक फडक्यात गुंडाळून हिसडा दिला. बैल ओढावा तसा तो ओढत होता. चार-सहा हिसड्यांतच पातं रेघ सोडून तिरकं शिरलं आणि लाकडात घट्ट रुतून बसलं. कुंपणापाशी थांबलेली दोन-चार माणसं हसली.

प्रेमसिंग घामाघूम होऊन खाली आला.

"पातं फिरते," तो म्हणाला. "मोठा नको. लहानच द्या."

"आरा नाही फिरत बापा, माणूस फिरते," मारोतराव म्हणाले, पण लहान आरा आणायला त्यांनी रामधनला पाठवलं.

रूपाबाई नवऱ्याजवळ गेली. तांड्यात ती दोघं आपल्या बोलीत बोलत, पण बाजारगावी दुकानदाराला संशय नको म्हणून वऱ्हाडीतच बोलायचं, असा त्यांचा रिवाज होता. ती हळूच म्हणाली, "मोठा घेनार होते ना तुमी?"

"तू पाह्यलं ना काय झालं ते? खराब माल कायले घेऊ?"

"माल खराब नाही."

"तुले काय मालूम?"

तिला मालूम होतं. रामधननं मनगट वाकडं धरलं होतं आणि वर जाताना आरा सोडायचा असतो तेव्हा तो दाबला होता. हे सांगून प्रेमसिंगला पटलं नसतं. रामधन लहान आरा खांद्यावर घेऊन येताना तिला दिसला. तिच्या अंगाचा, तिच्या मापाचा आरा. तो एकदा घरात आला की तिच्या नातवापर्यंत टिकला असता. तिनं भाकरी बाजूला ठेवल्या आणि मूठ बाहेर काढली.

"थांबा," ती म्हणाली. "मी दाखवते."

तिनं रुतलेलं पातं हलवून मोकळं केलं, खालच्या टोकाला मूठ चढवली आणि दगडानं पाचर ठोकली. कुंपणापाशी कोणीतरी "बाई ओढते काय?" म्हणालं. प्रेमसिंगचे कान लाल झाले. पण तो खोडावर चढला. दोनदाच ओढायचं, तिनं मनाशी ठरवलं. पातं सरळ जातं एवढं दाखवायचं आणि बाजूला व्हायचं.

"धर," वरून प्रेमसिंग म्हणाला.

तिनं ओढलं. हात नेहमीपेक्षा खाली, पार गुडघ्याखाली गेले, तिला जास्त वाकावं लागलं. पण पातं धारदार होतं, लोण्यात शिरावं तसं उतरलं. परत वर जाताना तिनं मुठीवरची बोटं सैल सोडली. पुन्हा ओढलं. दोनदा झालं होतं. ती थांबणार होती, पण आरा सुरात लागला होता आणि एवढ्या दिवसांत इतका चांगला आरा तिच्या हाती आला नव्हता. भुसा मऊ पडत होता. तिचे हात तिला न विचारता ओढत राहिले. भानावर आली तेव्हा काप दीड वितीच्या पुढं गेला होता आणि गेरूची रेघ बरोबर मधून चिरली गेली होती.

"वा रे वा!" मारोतराव म्हणाले. "असा गडी घरात हाये आन् भाऊ भाऊ करून राह्यला!"

प्रेमसिंग वरून हसला. खोडाच्या कडेनं वाकून त्यानं तिच्याकडे पाहिलं, अगदी डोळे भरून पाहिलं. ही नजर मिळावी म्हणून खड्ड्यात कितीदा तरी तिनं वर मान केली होती. आज ती मिळाली, आणि त्याच क्षणी आपण काय करून बसलो ते तिला कळलं.

मोठाच आरा घेतला. गोणपाटात गुंडाळून तो मोटरीच्या टपावर बांधला. टपावरच्या पोत्यांखाली मोडू नये म्हणून मूठ काढून तिनं पिशवीत ठेवली. मालेगाव मागं पडेपर्यंत प्रेमसिंग खुशीत होता. त्यानं तिला भजी घेऊन दिली होती. तो शाळेच्या तुळयांबद्दल, पुढच्या कामांबद्दल बोलत होता. गोविंदसिंगचं नाव त्यानं काढलं नाही. तिनं भजी कागदात तशीच गुंडाळून ठेवली. खिडकीतून तुरीची वावरं मागं जात होती आणि तिला वाटत होतं की ही मोटर म्हणजेसुद्धा एक खड्डाच आहे, फक्त चाकांवरचा.

किन्हीराजाच्या थांब्यावर मोटर थांबली. हॉटेलाच्या छपराखाली गोविंदसिंग बसला होता. मोटर पाहून तो उठला आणि चहा संपवू लागला. प्रेमसिंग दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत होता.

"गोविंदसिंग आला," ती म्हणाली.

"त्याले सांगू कवातरी." त्यानं मान वळवली नाही. "आता कायले पायजे तो? तूच तर ओढला मोठा."

"तो आरा खराब नाही हे दाखवाले ओढला."

"ओढला ना पण?"

कंडक्टर दार लावायला निघाला. रूपाबाई उठली, माणसांच्या पायांतून वाट काढत दारापर्यंत गेली आणि खाली उतरली.

"रूपा!" प्रेमसिंग खिडकीतून ओरडला. "चाल, वर बस. गाडी निंघून राह्यली."

"तुमी जा," ती म्हणाली. "मूठ माह्यापाशी हाये."

मोटरीतली सगळी डोकी खिडक्यांशी आली. कंडक्टर म्हणाला, "उतरता का जाता? मले उशीर होते." प्रेमसिंग शिव्या पुटपुटत खाली उतरला आणि मागच्या शिडीनं टपावर चढला. त्यानं दोर सोडला, आरा टपाच्या कडेला आणला आणि गोणपाटासकट त्याचं टोक खाली सोडत सवयीनं म्हणाला, "धर."

तिचे हात वर जायला निघाले. तिनं दोन्ही हातांनी पिशवी छातीशी आवळून धरली आणि तशीच उभी राहिली. टोक हवेत लोंबकळलं.

"अरे, अरे, पडन ना," म्हणत गोविंदसिंग धावत आला आणि त्यानं खालचं टोक धरलं. "सोडा भाऊ, धरला."

प्रेमसिंगनं सोडला. गोविंदसिंगनं आरा हॉटेलाच्या भिंतीला टेकवला, गोणपाट जरा बाजूला सारून पात्यावरून अंगठा फिरवला आणि खूश होऊन विचारलं, "खालची मूठ कुठी हाये, वयनी?"

तिनं पिशवीतून मूठ काढली. खैराच्या लाकडावर तिच्या बोटांचे खळगे पडले होते. ती देताना तिला अचानक रडू आलं, आणि ते का येतंय हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. गोविंदसिंगनं मूठ पकडून पाहिली. त्याची जाड बोटं त्या खळग्यांत बसेनात.

"लहान हाताची हाये ही," तो म्हणाला.

प्रेमसिंग टपाच्या कडेशी उभा राहून खाली बघत होता. रूपाबाईनं ओढणीनं डोळे पुसले.

"तासून घ्या," ती म्हणाली. "तुमच्या हाताची करून घ्या."