आधी डॉक्टरांना

पौडच्या दवाखान्यातले डॉक्टर आगाशे मोठे धीट होते, फक्त सुई दुसऱ्याच्या दंडात जात असली तर. स्वतःकडे येणारी सुई दिसली की ते काहीतरी निमित्त काढून सटकायचे. म्हणून पटकीची साथ आल्यावर कंपाउंडर नथूला त्यांनी खुशाल थाप मारली होती, "मी पुण्यातच टोचून घेतलं. तू घे."

खालच्या गावांत थाप पचली. गाठ पडली ती डोंगरातल्या कातकरवाडीशी. वरच्या वस्तीत दोघं पटकीनं दगावले होते आणि तिथलाच ओढा वाडीत उतरत होता. आज लस दिली नाही, तर वाडीचं काही खरं नव्हतं.

पण वाडीची एक रीत होती. औषध देणाऱ्यानं ते आधी सगळ्यांदेखत आपण घ्यायचं. भगत बुधासुद्धा काढ्याचा पहिला घोट स्वतः पिऊन मगच वाटी पुढे करायचा.

"आदी डाक्टर," म्हातारी बाळाबाई म्हणाली. ही बाई मामलेदारालाही अरेतुरे करायची. तिच्यामागे सगळी वाडी हाताची घडी घालून उभी होती.

"मी कालच घेतलीय," डॉक्टरांनी थाप ताजी केली.

"मग दंड दाव. पौडच्या बाजारात बगितल्यात की टोचल्याली मानसं. दंड ह्यो एवढा सुजतुया!"

डॉक्टरांनी नाइलाजानं बाही वर केली. बाळाबाईनं दंड उलटासुलटा करून पाहिला.

"हितं तर डास बी चावला न्हाई!"

वाडी खो खो हसली. हसला नाही तो नथू. साहेबांच्या शब्दावर लस घेऊन तो बिचारा दोन दिवस तापानं फणफणला होता. त्याचा चेहरा पाहून डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोलीस पाटलाची धमकी जिभेवर आली होती, ती त्यांनी गिळली.

"खोटं बोललो," ते म्हणाले. "नाही घेतली. मला सुईची भीती वाटते."

बाळाबाईनं त्यांचा हात धरून त्यांना ओट्यावर बसवलं.

"मग आदीच सांगायचं की. आमाला काय गोड लागतीया व्हय सुई? मीट डोळं. नथू, टोच!"

नथूनं टोचलं. जरा जोरातच टोचलं, असं डॉक्टरांचं आजही मत आहे. "आई गं!" करून ते ओट्यावरच आडवे झाले. बाळाबाईची नात सोनी ओढ्याचं पाणी घेऊन धावली, तर हे आडव्यानंच ओरडले, "उकळून आण!"

उठून बसतात तो समोर बाळाबाई, दंड उघडा करून. मागे रांग लागलेली. डॉक्टरांनी सुई उचलली. दुसऱ्या हातानं ते अजून आपला दंड चोळत होते.

"डोळे मिटा, आजी."

"मी मिटते," बाळाबाई म्हणाली. "तू तेवडं उगडं ठेव."