देवळी रोडचे सात प्रवासी

देवळी रोड हे गाव मुळात नव्हतंच. जालन्याहून परतूरकडे जाणाऱ्या छोट्या लाइनीवर इंजिनात पाणी भरायला एक विहीर खोदली होती, एवढंच. पाणी भरेपर्यंत गाडी वीस मिनिटं थांबायची. त्या वीस मिनिटांसाठी कुणी भजी तळायला बसलं, कुणी कापूस ठेवायला पत्र्याची शेड घातली, आणि विहिरीभोवती वस्ती झाली. एक्क्याऐंशी साली तिथं चाळीस दुकानं होती, शाळा होती, बुधवारचा बाजार भरत होता.

फाटकावर तिकिटं बघायचं काम रखमाजी पोर्टरचं. पण सगळी ओळखीची माणसं. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या बाईला तिकीट कसं मागायचं?

"जाय माय, जल्दी बस," तो म्हणायचा.

हळूहळू तिकिटाच्या खिडकीकडे कुणी फिरकेनासं झालं. येताना कुणी रखमाजीच्या हातावर चार वांगी ठेवायचं. त्यात काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही.

त्र्याण्णव साली मोठ्या लाइनीचं, म्हणजे रुंद रुळांचं, काम निघालं. नव्या डिझेल इंजिनाला पाणी भरायला थांबावं लागणार नव्हतं. आता प्रवासी असतील तरच गाडी थांबणार होती. ते तपासायला रेल्वेचे साहेब येणार म्हटल्यावर झाडून सगळं गाव फलाटावर जमलं. चारशे माणसं तरी असतील.

साहेबांनी रजिस्टर उघडलं. "रोजचे प्रवासी, सात."

"सात?" किराणावाला अप्पाराव हसला. "साहेब, सात तर माझ्या एकट्याच्या घरातून जातेत!"

"मग तिकिटं कुठं आहेत?"

अप्पारावचं हसू तिथंच विरलं. बाकीचे खाली बघू लागले. रखमाजी फाटकाशी उभा होता. गप्प राहिलं तर गाव सात माणसांचं ठरत होतं. बोललं तर नोकरी जात होती.

भजीवाल्या सगुणाबाईनं त्याची बाही ओढली. "गप ऱ्हा दादा. पेन्शनला दीड वर्ष राह्यलं तुझ्या."

रखमाजी पुढं झाला. "साहेब, रोज दीडशे माणूस जातंय. मीच सोडत आलो. बिनतिकिटाचं."

साहेबांनी सगळं लिहून घेतलं, खाली त्याची सही घेतली. मग सावकाश म्हणाले, "खरं बोललात. पण हा कागद तुमच्या नोकरीच्या फायलीला लागेल. स्टेशनाला त्याचा उपयोग नाही. स्टेशन तिकिटांवरच ठरतं."

महिन्याभरात रखमाजीला घरी बसवलं. मोठी लाइन झाली आणि गाड्या न थांबता जाऊ लागल्या. अप्पारावनं दुकान वडीगोद्रीला हमरस्त्यावर हलवलं, त्याच्या मागोमाग बाकीचेही गेले. पोरंच उरली नाहीत तेव्हा शाळा बंद झाली. रखमाजीला कुणी कधी बोल लावला नाही. तो मात्र माणसं दिसली की वाट बदलायचा.

दोन हजार एक साली सगुणाबाईनंही टेम्पो बोलावला. कढई टेम्पोत चढवून ती रखमाजीच्या दारात आली.

"दादा, एक विचारू? तू बोलला नसता तरी स्टेशन गेलंच असतं ना?"

"गेलंच असतं."

"मंग बोलला कशाला? पेन्शन तरी राह्यली असती."

रखमाजीनं रिकाम्या फलाटाकडे हात केला.

"चारशे माणसं समोर उभी होती, सगुणाबाई," तो म्हणाला. "अन् तो म्हणतोय सात. ऐकून कसं घेऊ?"