शेवटच्या रांगेतला सिनेमा

पियानोवाल्या मास्तरांना सिनेमा कळत नाही, यावर माझं आणि नवऱ्याचं कधीच दुमत नव्हतं.

आमचं थिएटर एकपडदा. नवा सिनेमा इथे येत नाही. आलाच तर वीस-पंचवीस वर्षं मुरून येतो. शनिवारी असले सिनेमे लागतात की लोक घरूनच वेश करून निघतात आणि पडद्यावरच्या माणसाच्या आधी त्याचे संवाद म्हणतात. रविवार सकाळ मात्र मूकपटांची. पडद्याखाली डाव्या अंगाला पियानो आहे. मास्तर सिनेमा बघत बघत वाजवतात.

मी बघत नाही. माझी नजर दहाएक वर्षांपूर्वी गेली, जुन्या चादरीसारखी. आधी मधे विरली, मग काठाला. तेव्हापासून नवरा शेजारी बसून कानात सांगतो. आम्ही मुद्दाम शेवटच्या रांगेत बसतो, कुणाला त्रास नको म्हणून. त्याचं आयुष्य कापडाच्या दुकानात गेलं, त्यामुळे नटीच्या झग्याचं पोतसुद्धा मला कळतं. "आता ती खिडकीशी आली. अंगावर जाडीभरडी शाल, पण खाली रेशीम आहे हं. म्हणजे चांगल्या घरची." हल्ली त्याची कुजबुज जरा मोठी झाली होती. मी म्हणायचे, कान जड झाले बिचाऱ्याचे.

आणि मास्तर? हिरो-हिरॉइन गळ्यात पडले की मास्तर रडगाणं काढणार. हरवलेलं पोर सापडलं की मास्तर एकेक सूर असा टाकणार की जणू विहिरीत दगड पडताहेत.

"लग्नाच्या वरातीत मयताचं वाजवतात हो हे," मी म्हणायचे.

"म्हातारा झालाय," नवरा म्हणायचा. "जाऊ दे."

त्या रविवारी बोटीचा सिनेमा होता. तो बोटीवर, ती धक्क्यावर. नवऱ्यानं सांगितलं, बोट निघाली, अर्ध्यात गेली, त्याला राहवेना, त्यानं कप्तानाचा हात धरला, बोट वळली. त्यानं धक्क्यावर उडी टाकली. "तिचा पदर... म्हणजे ओढणी, त्याच्या कोटाच्या बटणात अडकली बघ. सुटतच नाही." मी हसले. आणि मास्तर एकच खालचा सूर वाजवत राहिले, पुन्हा पुन्हा, आणि मग थांबलेच.

आमच्या पुढच्या रांगेत खोकलेकाका नाक ओढत होते. त्यांच्या शेजारची किल्लीवाली बारीक हसली. (मी माणसांना आवाजावरून ओळखते; या बाईंच्या हातात कायम किल्ल्या वाजतात.) एकाच शेवटाला एक रडतंय, एक हसतंय. मला वाटलं, किती हळवी माणसं असतात.

दिवे लागल्यावर नवरा बाथरूमच्या रांगेत गेला. त्या दिवशी माझ्याच्यानं राहवलं नाही. खुर्च्यांच्या पाठी चाचपत मी खाली पियानोपाशी गेले.

"मास्तर, राग मानू नका. पण माणूस परत आला, बाईच्या जिवात जीव आला, आणि तुम्ही हे काय वाजवलंत?"

"कोण परत आला?"

"तो. बोट वळवून."

पियानोचं झाकण लावल्याचा आवाज आला.

"बोट गेली हो, बाई. ती धक्क्यावर उभी राहते. बाकीचे लोक एकेक करून निघून जातात, ती उभीच. शेवटी बराच वेळ तेवढंच दिसतं. म्हणून मी एक सूर धरला." मग म्हणाले, "मला वाटलं, तुम्हाला कल्पना आहे. म्हणजे तुमच्या दोघांचा हा खेळच आहे. मागच्या दोन रांगा तुम्ही कधी रिकाम्या पाहिल्यात का?" आणि जीभ चावली असावी, कारण "माफ करा" असं पुटपुटले.

मी खोकलेकाका, किल्लीवाली, सगळ्यांना मनात त्यांच्या त्यांच्या खुर्चीवर बसवून पाहिलं. रिकामं थिएटर सोडून सगळे आमच्याच पुढ्यात. मला वाटायचं, आम्ही त्यांना आवडतो.

बाहेर तिकीटखिडकीशी मावशी होत्या. मी सहज विचारावं तसं विचारलं, "आमच्या पुढची रांग लवकर भरते का हो मावशी?"

"भरते म्हणजे? मागून घेतात लोक. तुमचे साहेब सांगतातच तसं. परवा एक जण म्हणत होता, सर्कशीच्या सिनेमाला साहेबांनी लावलेला शेवट मूळच्यापेक्षा बरा आहे. मी म्हटलं, असणारच, त्यांना बायकोला..." मावशी थांबल्या. सुट्ट्या नाण्यांचा डबा उगाच हलवला. "तुम्हाला माहीतच असेल की."

"असेलच," मी म्हटलं.

दाराशी नवरा आला. थिएटरातून बाहेर पडताना तो नेहमी रस्ता सांगतो, सिनेमासारखाच. "आभाळ आलंय. छत्री राहू दे हातात. समोर एक बाई कुत्र्याला ओढतेय की कुत्रं बाईला, कळत नाही." मी त्याच्या दंडाला धरून चालत राहिले. छत्री उघडायची वेळ आली नाही.

घरी तो बुटाच्या नाड्या सोडायला बसला तेव्हा मी विचारलं, "बोट वळली का हो?"

नाड्यांचा आवाज थांबला.

"मास्तर बोलला वाटतं."

"मास्तरांवर कशाला जाताय? इतकी वर्षं त्यांना म्हातारचळ लावलात तेवढा पुरे."

"तुला आठवतं का," तो म्हणाला, "नजर गेल्यावरचा पहिला सिनेमा? त्यात ती विहिरीत उडी घेते. मी जसं होतं तसं सांगितलं. तू दोन दिवस जेवली नाहीस. मला बघवेना."

"मी तिच्यासाठी नव्हते रडले. पडदा दिसत नव्हता म्हणून रडले होते."

हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्या श्वासावरून कळलं.

"आणि लोक?"

"लोकांना मी कुठे सांगितलं? त्यांना ऐकू जायचं."

"ऐकू जातंय हे कळल्यावर आवाज कुणी चढवला?"

मी बापडी त्याचे कान तपासून घ्यायच्या गोष्टी करत होते.

"गिऱ्हाईक खूश करायची सवय," मी म्हटलं. "हा रंग तुम्हाला खुलतो बाई. घेऊन टाका."

"तू हसायचीस गं," तो म्हणाला. "दर रविवारी हसत घरी यायचीस."

ते खरं होतं, आणि म्हणूनच मी तिथे थांबू शकले असते. पण एक गोष्ट राहिली होती. दीपगृहाच्या राखणदाराचा सिनेमा. तो मी लहानपणी बाबांच्या मांडीवर बसून पाहिला होता. शेवटी दिवा विझतो, आणि बाबांनी माझे डोळे झाकले होते, पण मी बोटांच्या फटीतून पाहिलं होतं. माझ्याकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं जे काही उरलंय, त्यातलं ते एक. तो सिनेमा लागला तेव्हा नवरा म्हणाला, दिवा पेटतो. मी म्हटलं, विझतो ना? तो म्हणाला, नाही गं, तुझी दुसऱ्या कुठल्या तरी सिनेमाशी गल्लत होतेय.

त्या दिवसापासून मी जुनी कुठलीही गोष्ट सांगताना मधेच थांबून त्याला विचारते, "असंच होतं ना हो?" पोरं हसतात. मला वाटलं होतं, नजरेमागोमाग आता आठवणही चालली.

"दीपगृहाचा दिवा," मी म्हटलं. "विझतो की पेटतो?"

स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता, तो आधी कधी इतका ऐकू आला नव्हता.

"विझतो," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी मी पहिल्या रांगेत बसले, पियानोला हात पोचेल अशा खुर्चीत. नवऱ्याला म्हटलं, तुम्ही तुमच्या जागेवर बसा, लोक वाट बघत असतील. तो गेला. सिनेमा सुरू झाला, आणि मागून कुजबुज आली नाही. खुर्च्या तेवढ्या करकरल्या. किल्ल्या एकदा वाजल्या आणि थांबल्या. खोकलेकाका मध्यंतरानंतर परत आलेच नाहीत.

मास्तर वाजवत होते. कुणीतरी धावलं, कुणीतरी लपलं, एक दार बहुधा बंद झालं. शेवटी काहीतरी गेलं आणि ते परत आलं नाही, इतकं मला नीट कळलं. कोण गेलं, ते कळलं नाही. नटीच्या अंगावर काय होतं, रेशीम की सुती, तेही नाही. तेवढ्यापुरती मान मागे वळली होती माझी, सवयीनं.

दाराशी तो उभा होता. दंड पुढे केला, मी धरला. रस्त्याविषयी काही बोलावं की नाही, याचा त्यानं जरा विचार केला असावा.

"ऊन पडलंय," तो म्हणाला.

मी छपराबाहेर हात काढला, तळवा वर करून, आणि तसाच धरून ठेवला. ऊन होतं. तळवा पुरता तापेपर्यंत मी उभी राहिले, आणि तोही काही न बोलता उभा राहिला.