तारा उलटा फिरत नाही

मी तापट आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्याचा मी फायदाही घेते. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत आवाज चढवायचा, की निम्मी भांडणं तिथंच संपतात. धाकट्याला, म्हणजे माझ्या भावाला, हे लहानपणापासून सवयीचं. म्हणूनच असेल, परवा संध्याकाळी वाचनालयाच्या हॉलबाहेर त्यानं लॅपटॉप उघडला तो माझ्याकडे न बघताच.

"ताई, यंदाचं निरीक्षण आलंय. भाषणाआधी एकदा बघून घे."

आम्ही दोघं बहीणभाऊ एकाच ताऱ्याच्या मागे लागलोय. तांबडा महाराक्षसी तारा, म्हातारा, फुगून इतका अवाढव्य झालेला की आपला सूर्य त्याच्यापुढे वाटाण्याएवढा. असले तारे अंगावरचा वायू सतत बाहेर टाकतात आणि झिजत जातात. पण हा वायू मुळात पृष्ठभागावरून सुटतो कसा, ते अजून कुणाला नीट उमगलेलं नाही. गेल्या वर्षी मला दिसलं, की ताऱ्याची डावी बाजू आपल्याकडे येतेय आणि उजवी लांब जातेय. म्हणजे हे धूड स्वतःभोवती फिरतंय, तेही त्याच्या आकाराला न शोभणाऱ्या वेगानं. आणि फिरतंय म्हणून वायू भिरकावला जातोय. झालं, माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत.

धाकटा अशा ताऱ्यांचा पृष्ठभाग कॉम्प्युटरवर उकळवून बघतो. तो म्हणाला होता, "ताई, हे उकळणंही असू शकतं. एका बाजूला मोठा बुडबुडा वर येतोय, दुसरीकडे थंड वायू खाली बसतोय. लांबून अंधूक बघितलं तर फिरल्यासारखंच दिसेल. अजून एक वर्ष थांब." त्यावर मी जेवताना सगळ्यांदेखत म्हटलं, "तुला ना, ताऱ्यातही पातेलंच दिसणार." नाना पोट धरून हसले. तेव्हापासून घरात त्याचं नावच पातेलं पडलं.

नाना आमचे वडील. सगळी उमर लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कातायच्या यंत्रावर, टर्नर म्हणून काढली. आम्ही काय शिकतो हे त्यांना कधी कळलं नाही आणि ते त्यांना आत कुठंतरी लागायचं. पण फिरणं त्यांना कळत होतं. लेथवर लावलेला लोखंडाचा जॉब फिरायला लागला की त्यावरचं तेल अंगावर उडतं, तसाच हा तारा, एवढं त्यांनी धरलं आणि गल्लीभर सांगत सुटले. माझ्या भाषणासाठी हॉल त्यांनीच ठरवला, कारखान्यातले जुने सोबती त्यांनीच घरोघरी जाऊन बोलावले.

मी लॅपटॉपकडे बघितलं. बाजू बदलल्या होत्या. आता उजवी येत होती आणि डावी जात होती. एवढं अवाढव्य धूड वर्षभरात थांबून उलटं फिरायला लागत नाही. बुडबुडे मात्र बदलतात.

"तू काही घोळ घातला नाहीस ना?" मी फिस्कारले.

"निरीक्षण तुझं आहे. मी नुसतं उघडलं."

"मग आता काय करू?"

"तुझं भाषण आहे, ताई." एवढं बोलून तो आत जाऊन मागच्या रांगेत बसला.

सांगायचं ठरवूनच मी आत गेले, हे खरं आहे. पण पुढच्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून नाना बसले होते, आणि ते शेजारी बसलेल्या कारखान्यातल्या सोबत्याला, फिटरकाकांना, आधीच हातवाऱ्यांनी ताऱ्याचं फिरणं समजावत होते. माझी जीभ जुन्याच वाटेनं गेली. डावी बाजू, उजवी बाजू, भिरकावलेला वायू. टाळ्याही पडल्या.

मग फिटरकाका उठले. भला माणूस, पण पक्का चिकित्सक.

"पोरी, लेथ आम्ही कधी कधी उलटा पण फिरवतो. तुझा तारा फिरतो का कधी उलटा?"

मागच्या रांगेत धाकट्यानं मान वर केली.

"नाही काका," मी म्हणाले. "तारा उलटा फिरत नाही."

वाक्य अगदी खरं होतं. त्याच वाक्यानं माझं सगळं काम कोसळत होतं, आणि तेच पुढे करून मी वेळ मारून नेली. काका अजून काही विचारणार तेवढ्यात नाना उभे राहिले. "माझी पोरगी सांगतेय ना? मग विषय संपला." धाकट्यानं मान पुन्हा खाली घातली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी जेवायला बसलो. नानांचा आनंद ताटात मावत नव्हता. "काय पातेल्या, ऐकलंस ना? आता तरी ताईकडून शीक काहीतरी."

"हो नाना," धाकटा म्हणाला आणि खाली मान घालून जेवत राहिला.

तो भांडला असता तर मी आवाज चढवला असता आणि निभावलंही असतं. त्याच्या त्या 'हो'वर मात्र आवाज चढवता येईना. मी सगळं सांगितलं. निरीक्षण, बदललेल्या बाजू, बुडबुडे. हेही सांगितलं की पातेलं बरोबर होतं आणि मी चूक.

नानांचा हात ताटातच थांबला. "हे तुला कधी कळलं?"

"भाषणाआधी."

"फिटरनं विचारलं तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"आणि मी उभा राहिलो तेव्हा?"

नाना उठले, हात धुतले आणि खुंटीवरचा इस्त्रीचा शर्ट पुन्हा अंगात घातला.

"फिटरकडे जाऊन येतो. उद्यावर नको."

"नाना, मी येते. मीच सांगते त्यांना."

"तू नको," ते शांतपणे म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी धाकट्याला हाक मारली, त्याच्या खऱ्या नावानं. "चल रे माझ्याबरोबर. खरं काय ते समजावून सांगणारं कुणीतरी पाहिजे."

दोघं जिना उतरले. खालून नानांचा आवाज आला, "तो बुडबुडा केवढा असतो म्हणालास?" इतक्या वर्षांत त्यांनी त्याच्या कामाचं त्याला काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

मी ताटं तशीच टाकली, चपला घातल्या आणि त्यांच्या मागोमाग निघाले. फिटरकाकांच्या दारापर्यंत गेले, पण नानांना हाक मारायची हिंमत झाली नाही.