हायवाच्या पाठीवर सायरा

गेवराईच्या बायपासला जाकीरचं पेंटिंगचं दुकान होतं. नंबरप्लेटा, दुकानांच्या पाट्या, ट्रकांच्या मागच्या फाळक्यांवरचे मोर. निम्मं काम त्याची बायको सायरा करायची, आणि चेहरे काढण्यात तिचा हात त्याच्याहून साफ होता. एका पहाटे वाळू वाहणाऱ्या हायवा ट्रकनं जाकीरला उडवलं. गाडी थांबली नाही. ठाण्यात 'अज्ञात वाहन' अशी नोंद झाली. गाडी वाळूवाल्या बंकट शेठची होती हे पानटपरीवरच्या रिकामटेकड्यांनाही ठाऊक होतं. ठाण्यालाच तेवढं कळलं नव्हतं.

नवऱ्यामागं पाळायच्या इद्दतीचे चार महिने सायराला घराबाहेर पडता येत नव्हतं. रडूही येत नव्हतं. एका दुपारी तिनं आरसा भिंतीला टेकवला आणि पेन्सिलीनं स्वतःचं तोंड काढलं. कागदावरची बाई रडत होती. ती बघून सायराला हुंदका फुटला, तो संध्याकाळच्या मगरिबपर्यंत थांबला नाही.

मग ती रोज काढू लागली. हळूहळू चित्रातल्या डोळ्यांची सूज उतरली, जबडा आवळत गेला.

"अगे, रोज अपनाच मुँह क्या बनाती तू? गुनाह है," सासू अफसानाबी म्हणाली.

"मारके भागना गुनाह नहीं क्या, अम्मी?"

म्हातारी उठून चुलीकडं गेली. पण संध्याकाळी ते कागद तिनंच सरळ करून गादीखाली ठेवले.

एकदा सायरानं बंकटचं तोंड काढायला घेतलं आणि अर्ध्यात सोडलं. त्याला त्याचं तोंड आवडतच होतं, चौकातल्या फ्लेक्सवर कायम लटकलेलं असायचं. त्याला नको असलेलं तोंड आपलं आहे, हे तिच्या ध्यानात आलं.

इद्दत संपली त्या आठवड्यात बंकट स्वतः दुकानावर आला.

"झालं ते लई वाईट झालं. आता आमच्या तिन्ही गाड्या तूच रंगव. काम देत राहीन. उगं ठाण्याच्या चकरा मारू नको, काय?"

"लावा की गाड्या," सायरा म्हणाली. "मागची बाजू भिंतीकडं करा, ऊन लागत न्हाई."

नवऱ्याच्या रक्तावर भाकर खाती, असं गल्लीत लोक बोलले. तिनं ऐकलं आणि ब्रश धुतला.

गादीखालचे कागद समोर ठेवून तिनं तिन्ही फाळके रंगवले. प्रत्येकावर फाळकाभर सायरा. नाव नाही, अक्षर नाही. नुसती समोर बघणारी बाई.

पहाटे अंधारात ड्रायव्हर आले, गाड्या घेऊन नदीवर गेले. परत येताना तिन्ही हायवा एकामागं एक बाजारातून निघाल्या, आणि केळीच्या गाड्यांवरचा गलका थांबला. चेहरा कुणाचा, हे कुणाला विचारावं लागलं नाही.

तासाभरात बंकट दुकानात होता. "पुस ते!"

"पुसायचं काम मी घेत न्हाई, शेठ."

"दुसऱ्याकडून पुसून घेतो."

"घ्या. मग लोक इचारतील, कावून पुसलं."

बंकटच्या तोंडावरचा रंग उडाला. ते सायरानं डोळे भरून बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा ड्रायव्हर सुग्रीव दुकानासमोर उभा राहिला. डोळे तारवटलेले.

"ताई, त्या दिवशी गाडीवर मीच होतो. काल माझी गाडी सगळ्यांत मागं होती. नदीपासून म्होरच्या फाळक्यावर तुमीच. नजर कुठं ठेवावी कळंना. त्या पहाटे मी ब्रेक मारलता, पण शेठ फोनवर वरडले, थांबू नको म्हणून."

थिनरचा डबा याच्या डोक्यावर उलटा करावा, असं तिला वाटलं. डबा तिनं हातात घेतलाही.

"माफी मागायला आलास?"

"हा."

"ती न्हाई मिळायची. हेच ठाण्यात सांग. चल, मी मागं हाय तुझ्या."

भर बाजारातून तो पुढं आणि ती मागं. त्यानं एकदाही वळून बघितलं नाही.

ठाण्याच्या कागदावरचं 'अज्ञात' गेलं, तिथं गाडीचा नंबर आला, आणि बंकटचं नाव. तो जामिनावर सुटला, फाळक्यांवर काळा रंग फासला गेला. सुग्रीवनं मात्र जबाब फिरवला नाही.

काळा रंग फासला त्या दुपारी सायरा परत आरशासमोर बसली. अफसानाबीनं वाकून कागदावरचं तोंड बघितलं.

"आज हँस री गे तू."

"अभी कोरट में केस खडा होनेका है, अम्मी," सायरा म्हणाली, आणि तिनं पेन्सिलीला टोक काढलं.